सारान्स्कचा अध्यापक : बाख्तिनची अध्यापकी आणि मराठी समीक्षेपुढील एक प्रश्न

१

मिखाईल बाख्तिन (१८९५–१९७५) या रशियन साहित्यमीमांसकाचे नाव मराठी समीक्षेत आता परके राहिलेले नाही. ‘बहुस्वरता’, ‘संवादात्मकता’, ‘कार्निव्हल’ या त्याच्या संज्ञा पदव्युत्तर वर्गांत शिकविल्या जातात आणि प्रबंधांच्या प्रकरणशीर्षकांतही त्या आढळतात. तथापि या परिचयाचे स्वरूप बारकाईने पाहिले असता असे दिसते की संज्ञा तेवढ्या आल्या. त्या ज्या कामातून निष्पन्न झाल्या ते काम मागेच राहिले. बाख्तिनची दोन चित्रे सामान्यतः प्रचलित आहेत. राजसत्तेने छळलेला एकाकी विचारवंत हे एक, आणि पॅरिसच्या विद्वानांनी उजेडात आणलेला सिद्धांतकार हे दुसरे. दोन्ही चित्रांत तथ्य आहे. परंतु आयुष्यातील उमेदीची वर्षे त्याने ज्या व्यवसायात वेचली, तो आडवळणाच्या गावांतील शाळा-महाविद्यालयांत शिकविण्याचा व्यवसाय, या दोहोंपैकी एकाही चित्रात दिसत नाही.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे मांडता येईल. एकाच्या बोलण्यात दुसऱ्याचा शब्द कसा वावरतो, हा बाख्तिनच्या चिंतनाचा गाभा होय. हा गाभा वाक्याच्या पातळीवर, व्याकरणाच्या वर्गात पडताळून पाहता येतो, आणि खुद्द बाख्तिनने तो तसा पडताळून पाहिला होता. ही पडताळणी सोडून दिली की त्याच्या संज्ञा केवळ शिक्क्यासारख्या उमटविल्या जातात. कोणतीही कादंबरी घ्यावी, तीत चार पात्रे वेगवेगळ्या तऱ्हेने बोलतात असे दाखवावे, आणि तिला बहुस्वर ठरवावे, एवढ्यावर काम भागते.

हा प्रश्न अंबाजोगाईच्या संदर्भात तपासण्यास कारण आहे. सारान्स्क आणि अंबाजोगाई ही दोन्ही गावे राजधानीपासून दूरची. दोन्हींच्या भोवती शिक्षणाची भाषा एक आणि घरची भाषा दुसरी, अशी परिस्थिती. आद्यकवी मुकुंदराजांचे गाव म्हणून ज्या गावाची ख्याती आहे, तेथे बाख्तिनचा विचार कितपत उतरतो हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरावे.

२

प्रथम त्याच्या अध्यापकीचा आलेख पाहणे आवश्यक आहे. बाख्तिनचा जन्म ओऱ्योल येथे १८९५ साली झाला. पेत्रोग्राड विद्यापीठात आपले शिक्षण झाल्याचे तो सांगत असे. परंतु त्याने तेथे रीतसर नाव नोंदविल्याचा पुरावा पुढील संशोधकांना मिळालेला नाही. १९१८ पासून नेवेल येथील शाळेत आणि १९२० पासून वितेब्स्क येथे त्याने अध्यापन केले. कागान, वोलोशिनोव, मेदवेदेव, पुंप्यान्स्की या मित्रांशी त्याची चर्चा याच दोन गावांत सुरू झाली. ज्याला पुढे ‘बाख्तिन-मंडळ’ असे नाव मिळाले ते मूळचे दोन लहान गावांतील शिक्षक व अभ्यासक यांचे मंडळ होते, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

१९२४ साली तो लेनिनग्राडला आला. अस्थिरोगामुळे नियमित नोकरी करणे कठीण होते. घरगुती व्याख्यानांवर आणि किरकोळ कामांवर गुजराण चाले. या व्याख्यानांतून त्याने रशियन साहित्याचा इतिहास शिकविला. ती आज उपलब्ध आहेत याचे श्रेय मिर्किना नावाच्या श्रोतीने घेतलेल्या टिपणांना आहे. डिसेंबर १९२८ मध्ये एका धार्मिक-तात्त्विक चर्चामंडळाशी संबंध असल्याच्या आरोपावरून त्याला अटक झाली. दोस्तोयेव्हस्कीवरील त्याचा ग्रंथ १९२९ साली प्रसिद्ध झाला तेव्हा तो अटकेत होता. पाच वर्षांच्या छावणीवासाची शिक्षा प्रकृतीच्या कारणास्तव हद्दपारीत बदलण्यात आली आणि १९३० साली त्याची रवानगी कझाकस्तानातील कुस्तानाय येथे झाली. तेथे तो हिशेबनीस म्हणून काम करी. कादंबरीतील भाषेवरील त्याचा सर्वांत महत्त्वाचा दीर्घ निबंध याच हद्दपारीच्या काळात, १९३४–३५ मध्ये, लिहिला गेला.

१९३६ साली मेदवेदेवच्या शिफारशीने त्याला मोर्दोव्हिया प्रांताच्या राजधानीत, सारान्स्क येथील अध्यापक महाविद्यालयात नोकरी मिळाली. १९३७ च्या धरपकडीत तेथून त्याला निघावे लागले. १९३८ मध्ये मेदवेदेवला गोळी घालण्यात आली. त्याच वर्षी बाख्तिनचा एक पाय कापावा लागला. युद्धकाळात मॉस्कोच्या उत्तरेस किम्री परिसरातील शाळांत तो जर्मन आणि रशियन शिकवीत होता. १९४५ साली तो पुन्हा सारान्स्कला गेला आणि १९६१ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिला.

या सारान्स्ककाळातील एक प्रसंग विद्यापीठीय जगाच्या दृष्टीने बोलका आहे. राब्लेवरील प्रबंधाची तोंडी परीक्षा १५ नोव्हेंबर १९४६ रोजी मॉस्कोच्या जागतिक साहित्य संस्थेत झाली. ती कित्येक तास चालली. कनिष्ठ पदवीस परीक्षकमंडळाने एकमताने मान्यता दिली. प्रबंधाची योग्यता पाहता डॉक्टर ही वरिष्ठ पदवीच द्यावी, या सूचनेस सात मते अनुकूल व सहा प्रतिकूल पडली. त्या वर्षीच्या ऑगस्टपासून साहित्यक्षेत्रात वैचारिक शुद्धीची मोहीम सुरू झाली होती. प्रकरण वरिष्ठ मंडळाकडे गेले, तेथे वर्षानुवर्षे रेंगाळले, आणि १९५२ साली हाती आली ती कनिष्ठ पदवीच. राब्लेवरील तो ग्रंथ १९६५ साली छापला गेला, तोही कोझिनोव, बोचारोव, गाचेव या तरुण अभ्यासकांच्या खटपटीमुळे. बाख्तिन हयात आहे हे कळल्यावर हे तिघे १९६१ मध्ये सारान्स्कला जाऊन त्याला भेटले होते. दोस्तोयेव्हस्कीवरील ग्रंथाची सुधारलेली आवृत्ती १९६३ साली निघाली आणि त्यानंतर कीर्ती आली. परंतु तोवर त्याची अध्यापकी संपलेली होती. ज्या वर्षांत त्याने शिकविले त्या वर्षांत तो प्रसिद्ध नव्हता, आणि प्रसिद्ध झाला तेव्हा तो शिकवीत नव्हता.

३

या आलेखातील किम्रीची शाळा चरित्रकारांनी सहसा दोन ओळींत उरकलेली असते. वस्तुतः तेथेच एक लहानसा निबंध जन्मास आला. माध्यमिक शाळेत रशियन भाषा शिकविताना शैलीचा विचार कसा करावा, हा त्याचा विषय. सुमारे १९४५ साली लिहिलेला हा निबंध १९९४ मध्ये, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर एकोणीस वर्षांनी, प्रसिद्ध झाला. त्याचा विषय इतका साधा आहे की सिद्धांताच्या शोधात असलेला वाचक त्याच्याकडे वळणार नाही. उभयान्वयी अव्यय गाळून जोडलेली संयुक्त वाक्ये विद्यार्थी आपल्या निबंधांत का वापरीत नाहीत, हा तो प्रश्न.

बाख्तिनची पद्धती अशी आहे. पुश्किन आणि गोगोल यांच्या लेखनातील काही अव्ययरहित वाक्ये घ्यावयाची. त्यांत ‘कारण’, ‘जेव्हा’, ‘तेव्हा’ अशा अर्थाची अव्यये वर्गासमोर घालून पाहावयाची. नंतर दोन्ही वाक्ये मोठ्याने वाचावयाची, आणि काय गमावले हे विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावयाचे. अव्यय घातले की तर्कसंबंध स्पष्ट होतो. परंतु बोलणाऱ्याचा आवाज, त्याचा हातवारा, प्रसंगाचे नाट्य ही मावळतात. मूळ वाक्यात घटना डोळ्यांसमोर घडते. अव्यययुक्त वाक्यात ती कळविली जाते. असा प्रयोग केल्यावर विद्यार्थ्यांच्या लेखनात ही रचना अधिक प्रमाणात दिसू लागली, असे तो नमूद करतो. त्याचा निष्कर्ष व्याकरण शिकविणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. लहान मुलांची भाषा मुळात जिवंत असते. शाळेच्या मधल्या इयत्तांत ती पुस्तकी आणि निनावी होते. त्यानंतर तिला अधिक प्रगल्भ पातळीवर पुन्हा आवाज मिळवून देणे हे शिक्षकाचे काम. वाक्यरचनेचा विचार शैलीवाचून केला तर तो निर्जीव पांडित्यात संपतो.

मराठीच्या संदर्भात हा प्रयोग सहज करता येतो. बीड जिल्ह्यातील शाळेत दरवर्षी घडणारी एक गोष्ट घ्यावी. “मुलगा शाळेत आला नाही, कारण त्याचे आईवडील ऊसतोडीसाठी साखर कारखान्यावर गेले होते.” हे वाक्य निर्दोष आहे, अहवालात शोभेल असे आहे. आता दुसरे वाक्य : “मुलगा शाळेत आला नाही : आईबाप कारखान्यावर.” येथे ‘कारण’ नाही, क्रियापदही नाही. परंतु येथे कोणीतरी बोलत आहे. ते कोणाला उद्देशून बोलत आहे, आणि ऐकणाऱ्याला पुढचे सारे ठाऊक आहे असे धरून बोलत आहे, हेही कळते. पहिले वाक्य कोणाचेच नाही. दुसरे गावातल्या माणसाचे आहे. शालेय मराठी निबंधातून ही दुसरी रचना पद्धतशीर रीतीने हद्दपार झालेली असते. ‘ज्याप्रमाणे–त्याप्रमाणे’, ‘ज्या अर्थी–त्या अर्थी’ यांच्या चौकटीत विद्यार्थी एकदा बसला की त्याचे लेखन शुद्ध होते, आणि त्याचा आवाज जातो.

४

येथून बाख्तिनच्या विचारप्रणालीविषयक चिंतनाकडे वळता येते. मराठी वाचकाला रशियन साहित्य प्रारंभी दोन वाटांनी भेटले, आणि दोन्ही वाटा विचारप्रणालीच्या होत्या. एक वाट टॉलस्टॉयकडून गांधींकडे जाणारी. साने गुरुजींनी टॉलस्टॉयच्या कलाविषयक ग्रंथाचा ‘कला म्हणजे काय?’ हा अनुवाद केला तो या वाटेवर. दुसरी वाट क्रांतीची. अण्णा भाऊ साठे यांचा ‘स्तालिनग्राडचा पोवाडा’ आणि १९६१ च्या दौऱ्यावरील ‘माझा रशियाचा प्रवास’ या तिच्या खुणा होत. उलट दिशेनेही काम झाले : लेनिनग्राडच्या अध्यापिका तत्याना कातेनिना यांचे मराठी व्याकरणाची रूपरेषा मांडणारे रशियन पुस्तक १९६३ साली प्रसिद्ध झाले. मराठीत मात्र ‘विचारप्रणाली’ या शब्दाला पक्षाचा, मतप्रचाराचा वास चिकटून राहिला. साहित्यात विचारप्रणाली म्हणजे लेखकाने बाहेरून आणलेला झेंडा, अशी समजूत दृढ झाली आणि कलावादी व जीवनवादी हे दोन्ही पक्ष याच समजुतीवर भांडत राहिले.

‘मार्क्सवाद आणि भाषेचे तत्त्वज्ञान’ हा १९२९ चा ग्रंथ या समजुतीला छेद देतो. तो वोलोशिनोवच्या नावे प्रसिद्ध झाला. तो बाख्तिनचाच, असे मत १९७० नंतर मांडले गेले आणि त्यावर मोठा वाद माजला. निर्णायक पुराव्याच्या अभावी वोलोशिनोवला त्याच्या ग्रंथाचे श्रेय नाकारणे न्याय्य नाही. तो मंडळातील सामायिक चिंतनाचा भाग मानावा, एवढे पुरे. या ग्रंथाचे म्हणणे असे की विचारप्रणाली मनात नसते, ती चिन्हांत असते, आणि शब्द हे सर्वांत संवेदनशील चिन्ह होय. समाजातील निरनिराळे वर्ग एकच भाषा वापरतात. म्हणून एकाच शब्दात निरनिराळे आघात एकमेकांना छेदतात. शब्द हे संघर्षाचे स्थान ठरते ते यामुळे. सत्तेचा प्रयत्न मात्र शब्दाला एकच आघात आहे असे भासविण्याचा असतो.

ऊसतोडीच्या भाषेतील दोन शब्द येथे पुरेसे आहेत. ‘कोयता’ हे हत्यार. परंतु या व्यवहारात ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि एकटा मजूर ‘अर्धा कोयता’. मुकादमाच्या वहीत हा शब्द मोजणीचे परिमाण आहे. तोच शब्द मजूर स्त्रीच्या तोंडी येतो तेव्हा त्यात हत्यार, नवरा, संसार आणि स्वतःचे अर्धेपण ही सारी एकवटलेली असतात. तसाच ‘उचल’ हा शब्द. देणाऱ्याच्या दृष्टीने ती हंगामापूर्वी दिलेली आगाऊ रक्कम. घेणाऱ्याच्या दृष्टीने ती लग्न, आजारपण किंवा मागची बाकी भागविण्याचा मार्ग, आणि त्याच क्षणी पुढच्या हंगामाचे बंधन. शब्दकोश दोन्ही अर्थ एका ओळीत देईल. बाख्तिन-मंडळाची दृष्टी मात्र असे विचारते की हा शब्द कोणाच्या तोंडून कोणाच्या कानी जात आहे.

५

याच ग्रंथाचा तिसरा भाग परकीय उक्तीच्या व्याकरणाला, म्हणजे दुसऱ्याचे बोलणे आपल्या वाक्यात घेण्याच्या रीतींना, वाहिलेला आहे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा ग्रंथाचा सर्वांत टिकाऊ भाग होय. मराठीला या बाबतीत विशेष समृद्धी लाभली आहे. पुढील तीन वाक्ये पाहावीत.

(अ) मुकादम म्हणाला, “उचल फिटली नाही.”
(आ) मुकादम म्हणाला की उचल फिटलेली नाही.
(इ) उचल म्हणे फिटली नाही!

पहिल्या वाक्यात दोन आवाजांमध्ये अवतरणचिन्हांची भिंत आहे. दुसऱ्यात मुकादमाचे बोलणे निवेदकाच्या व्याकरणात विरघळले आहे. आशय उरला, आवाज गेला. तिसऱ्यात मुकादमाचे नावही नाही, तरी शब्द त्याचे आहेत आणि त्यांवरील आघात मजुराचा आहे. एका ‘म्हणे’ने वाक्य दुहेरी झाले. दुसऱ्याचे विधान जसेच्या तसे उच्चारले गेले आणि त्याच उच्चारात नाकारलेही गेले. बाख्तिन ज्याला द्विस्वर शब्द म्हणतो त्याचे याहून नेमके उदाहरण शोधावयास कादंबरीपर्यंत जाण्याची गरज नाही. बहुस्वरतेचा खरा अभ्यास पात्रांची संख्या मोजून होत नाही. तो ‘म्हणे’सारख्या अव्ययांची नोंद ठेवून होतो.

या रचनांना इतिहासही आहे. उक्तीनंतर ‘असे’ किंवा ‘म्हणून’ योजण्याची मराठीची रीत दक्षिणेकडील द्राविडी भाषांशी जुळणारी मानली जाते; उक्तीपूर्वी येणारा ‘की’ फारसीकडून आल्याचे मानले जाते. म्हणजे दुसऱ्याचे बोलणे सांगण्याची मराठीची साधनेच मुळी दुसऱ्या भाषांच्या सहवासात घडलेली आहेत. ही गोष्ट मराठवाड्यात विशेष प्रत्ययास येते, आणि तेथून अंबाजोगाईच्या वाङ्मयीन परंपरेचा प्रश्न उभा राहतो.

मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ परंपरेने शके १११० चा, म्हणजे इ. स. ११८८ चा, मानला जातो. त्याचा काळ आणि त्यात उल्लेखिलेले स्थान यांविषयी विद्वानांत मतभेद आहेत. उपलब्ध प्रतींची भाषाही त्या काळाहून अर्वाचीन वाटते. हे वाद बाजूस ठेवले तरी एक गोष्ट राहते. संस्कृतात प्रतिष्ठित असलेले अद्वैतशास्त्र येथे मराठीत सांगितले गेले आहे आणि मराठीत ते सांगण्याचे समर्थनही केले गेले आहे. जेथे समर्थन आहे तेथे आक्षेपक आहे. तो ग्रंथात बोलत नाही, पण कवी त्याला उत्तर देतो. मराठीच्या आद्य मानल्या गेलेल्या ग्रंथातच अशा रीतीने एक न उच्चारलेला दुसरा आवाज ऐकू येतो.

सोळाव्या शतकातील दासोपंत (१५५१–१६१५) यांचे घराणे, परंपरेनुसार, बीदरच्या राजसत्तेखालील देशपांडे घराणे होते. महसुलाच्या व्यवहारातील फारसी शब्दांशी परिचय असलेल्या घरातील पुरुष अंबाजोगाईस येऊन गीतेवरील विस्तीर्ण मराठी टीका लिहितो, आणि सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद कापडावर पंचीकरणाचा विषय रेखतो. ही ‘पासोडी’ आज कौतुकाची वस्तू म्हणून पाहिली जाते. परंतु पोथीऐवजी कापड हे माध्यम निवडल्याने मजकूर कोणापुढे, कसा मांडला जातो यात फरक पडतो, हा प्रश्न तिच्या अभ्यासात केंद्रस्थानी यावयास हवा. दासोपंतांचे समकालीन पैठणचे एकनाथ यांनी भारुडांत नाना जातींचे व व्यवसायांचे बोल घेतले, आणि ‘हिंदु-तुर्क संवादा’त दख्खनी व मराठी समोरासमोर उभ्या केल्या.

पुढे निजामी राजवटीत गावाचे नाव मोमिनाबाद झाले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. उच्च शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला आपले ज्ञान दुसऱ्या भाषेत मिळवावे लागे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानातील निजामी सत्ता संपली. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९६० साली महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. मराठीला तिचे न्याय्य स्थान मिळाले, आणि ते मिळविण्यासाठी येथील शिक्षकांनी दिलेला लढा हा अभिमानाचा विषय आहे.

६

येथे बाख्तिनच्या कारकीर्दीतील एक उणीव स्पष्टपणे सांगितली पाहिजे. कारण ती मराठवाड्याला थेट लागू पडते. सारान्स्क ज्या मोर्दोव्हियाची राजधानी आहे, तेथील मूळ भाषा एर्झ्या आणि मोक्शा या होत. त्या फिनो-उग्रिक कुळातील आहेत, रशियनशी त्यांचे नाते नाही. बाख्तिनच्या भोवती या भाषा घरी बोलणारा आणि रशियनमधून शिकणारा समाज वीसएक वर्षे होता. तरीही त्याच्या प्रसिद्ध लेखनात या भाषांना जवळजवळ स्थान नाही. भाषांच्या परस्परसंघर्षातून कादंबरी जन्मली असे सांगणारा मीमांसक रोम, मध्ययुगीन फ्रान्स व पुश्किनकालीन रशिया यांची उदाहरणे घेतो. दाराबाहेरचे उदाहरण घेत नाही. राजकीय भय हे त्याचे एक कारण असू शकेल. परंतु युरोपीय अभिजात साहित्याच्या परंपरेत वाढलेल्या अध्यापकाची ऐकण्याची मर्यादा, हे दुसरे कारणही नाकारता येत नाही.

दुसरी उणीव ग्रंथव्यवहाराची आहे. राब्लेवरील ग्रंथातील काही भाग जर्मन तत्त्वज्ञ कासिरेर यांच्या पुस्तकातून श्रेयनिर्देशाविना घेतले असल्याचे १९९८ साली ब्रायन पूल यांनी दाखवून दिले. दुसऱ्याच्या शब्दाचा एवढा विचार केलेल्या लेखकाकडून दुसऱ्याच्या शब्दाबाबत घडलेली ही चूक आहे. युद्धकाळातील ग्रंथटंचाई आणि त्या काळी जर्मन आधार सांगण्यातील धोका ध्यानात घेऊनही ती चूकच ठरते. विभूतिपूजेत या गोष्टी झाकल्या जातात. अभ्यासात त्या झाकू नयेत.

मराठी समीक्षेने या उणिवांपासून शिकावयाचे ते असे. ‘बहुस्वरता’ या एका शब्दाखाली मराठीत तीन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात. रशियनमध्ये बाख्तिन त्यांसाठी निरनिराळे शब्द योजतो : निरनिराळ्या व्यक्तींचे आवाज, एकाच भाषेतील जात, व्यवसाय, पिढी, प्रदेश यांनुसार भिन्न असणारी बोलणी, आणि प्रत्यक्ष भिन्न भाषांचे सान्निध्य. यांना अनुक्रमे ‘स्वरभेद’, ‘वाग्भेद’ आणि ‘भाषाभेद’ असे म्हटल्यास घोटाळा कमी होईल. मुकुंदराजांच्या ग्रंथात भाषाभेद आहे, पण तो दडलेला आहे. एकनाथांच्या भारुडांत वाग्भेद आणि भाषाभेद दोन्ही उघड आहेत. तथापि शेवटी एकच पारमार्थिक अर्थ सर्व आवाजांवर सत्ता चालवितो, म्हणून दोस्तोयेव्हस्कीसंबंधी ज्या अर्थाने बहुस्वरता म्हटली जाते त्या अर्थाने ती तेथे नाही. भारुडाला घाईने ‘कार्निव्हल’ म्हणणेही युक्त नाही. राब्लेच्या उत्सवात हसण्याने देवस्थान रिकामे होते, भारुडात हसण्याने श्रोता देवाकडे नेला जातो. असे भेद दाखविणे म्हणजेच सिद्धांताचा उपयोग करणे होय.

आणि आजच्या वर्गाचे काय? अंबाजोगाई परिसरातील महाविद्यालयात मराठी साहित्य शिकणाऱ्यांत तांड्यावरून येणारे, घरी गोरमाटी बोलणारे विद्यार्थी असतात; दख्खनी बोलणारे असतात; ज्यांचे बालपण निम्मे गावी व निम्मे कारखान्यावरच्या कोपीत गेले असेही असतात. त्यांच्या दृष्टीने प्रमाण मराठी हीही एक दुसऱ्याची भाषा आहे. ‘आद्यकवीचे गाव’ हे बिरुद सार्थ आहे. परंतु त्याचा एकच आघात ऐकला गेला तर ज्या न्यायाने मुकुंदराजांनी संस्कृतापुढे मराठीची बाजू मांडली तोच न्याय या विद्यार्थ्यांना नाकारला जाईल. एकेकाळी उर्दूतून शिकावे लागलेल्या प्रदेशाला ही गोष्ट समजणे अवघड नसावे.

७

सारांश, बाख्तिनच्या कारकीर्दीचा आदर्श घ्यावयाचा तर तो सोसलेल्या यातनांचा वा उत्तरकाळच्या कीर्तीचा नव्हे. राजधानीपासून दूर, ग्रंथांच्या टंचाईत, पदवी अडकून पडलेली असताना, शालेय वर्गातील एका वाक्याच्या रचनेला दोस्तोयेव्हस्कीच्या कादंबरीइतक्याच गांभीर्याने भिडण्याची जी त्याची वृत्ती, ती अनुकरणीय आहे. त्याची मर्यादा होती ती दारासमोरच्या भाषा न ऐकण्याची. ती ओलांडणे हे पुढच्या अभ्यासकांचे काम आहे.

या दृष्टीने पदव्युत्तर अभ्यासकांपुढे एक साधे काम ठेवता येईल. मराठवाड्यातील एखादी कादंबरी वा आत्मकथन निवडावे. त्यातील ‘म्हणे’, ‘म्हणून’, ‘असे’, ‘की’ यांनी आणलेली प्रत्येक परकीय उक्ती नोंदवावी. ती कोणाची, कोणाच्या तोंडी, कोणत्या आघाताने आली हे ठरवावे. गाळलेली अव्यये घालून आणि घातलेली गाळून वाक्ये मोठ्याने वाचावीत. एवढे झाल्यावर ती कृती बहुस्वर आहे की नाही, हे लिहावे. अशा नोंदवहीतून निघालेला निष्कर्ष लहान असेल. परंतु तो वाक्यावाक्याने पडताळता येईल.